खोडलेले तीन दिवस

मंगळवार, संध्याकाळ. नागभीड

आज बाबांचं जाळं तळ्यातून रिकामं वर आलं. मला वाटलं, फाटलं असेल. त्यांनी काठावर बसून अख्खं जाळं बोटांनी चाचपलं. कुठेच फाटलं नव्हतं. मग म्हणाले, "जाळं बरोबर हाय. पाण्यातच काई झालं असन." आणि पाण्याकडे बघत राहिले.

मला तिथे उभं राहवेना. गेल्या वर्षी अंटार्क्टिकातल्या आमच्या तळावर मी हवा मोजत होते. जमिनीलगतच्या हवेतला ओझोन तीन दिवस जवळजवळ शून्यावर आला, तेव्हा मी काय केलं? यंत्र उघडूनही न बघता लिहिलं, 'यंत्र नादुरुस्त'. ते तीन दिवस अहवालातून खोडले. बाहेर वादळ होतं म्हणून? नाही, कंटाळा आला होता. समुद्रावरच्या बर्फातून येणारी रसायनं वसंतात ओझोन असा खाऊन टाकतात, हे मला चांगलं माहीत होतं. परवा दुसऱ्या तळाचे आकडे पाहिले. तेच तीन दिवस, तिथेही शून्य.

माझ्या त्या शेऱ्यामुळे, यंत्र त्यानेच बिघडवून ठेवलं असं धरून, माझ्याआधी ते सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला निष्काळजी म्हणून बोलणी खावी लागली. तेव्हाही मी गप्प.

परतताना बाबांनी विचारलं, "काय वं पोरी, तिकडं बर्फात तू हवा मोजत होती ना? काई भेटलं का?"

"भेटलं होतं, बाबा. मीच फेकून दिलं."

ते थांबले. "मंग सांगतलं का कोणाले?"

आता, ज्यांना तो अहवाल दिला त्यांनाच पत्र लिहायला बसले आहे. पहिलं वाक्य झालं: यंत्र ठीक होतं. दुसरं माझ्याबद्दल आहे. ते अजून लिहवत नाही.