पदरावरचा बिल्ला

वाशी, रथसप्तमी, १९८४

आज हळदीकुंकवाला शेजारच्या मालूताई काहीतरी म्हणाल्या. मला ऐकूच आलं नाही. नेहमीसारखी मान हलवून हसले, म्हटलं, "छान झालं, पेढे आणा." त्यांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर सूनबाईने सांगितलं, "आई, त्यांच्या सुमनचं लग्न मोडलंय."

लेकाने करून दिलेला 'कमी ऐकू येते, मोठ्याने बोला' असा बिल्ला मीच महिनाभर फणेरपेटीत दडवलाय. कसली मेली लाज? आत्ता काढून पदरावर लावला.

सूनबाई कानाशी येऊन म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "म्हणू देत. फक्त मोठ्याने म्हणा म्हणावं, मलाही ऐकायचंय."

मालूताईंचा तो चेहरा... उद्या बिल्ला लावूनच जाणार. आधी माफी, मग सुमनचं सगळं नीट ऐकेन.