तीन बोटांचं प्रायश्चित्त

दि. १ मार्च

ती. आईस,
सा. न. (नमस्कार आधी, भांडण नंतर, असं तूच शिकवलंस.)

तर मी शुक्रवारी मटण खाल्लेलं नाही, हे आता तिसऱ्यांदा लिहितोय. मागच्या पत्रात मी फक्त सूप प्यायलो एवढंच लिहिलं, तर तू त्यातून अख्खी कोंबडी काढलीस. आमच्या खानावळीचा आचारी शपथेवर सांगतो की कोंबडी त्या पातेल्यात नुसती आंघोळ करते आणि नंतर साहेबांच्या ताटात जाते. आमच्या वाट्याला आंघोळीचं पाणी. आता त्या पाण्याने उपवासकाळातला शुक्रवार मोडतो की नाही ते फादरना विचार आणि कळव. तोवर मला पापी म्हणू नकोस.

तू लिहितेस की चाळीस दिवसांत आत्मा धुऊन स्वच्छ ठेव. आई, मी इथे हॉटेलच्या लॉन्ड्रीत दिवसाला अकराशे चादरी धुतो. उशांचे अभ्रे वेगळे. संध्याकाळी माझे हात पाहिलेस तर तूच म्हणशील की या पोराचं आणखी काही धुवायचं शिल्लक नाही. चर्च दोन बस बदलून आहे आणि रविवारची सुट्टी एकाआड एक. तरी येत्या सुट्टीला पापनिवेदन करून येतो, वचन.

दुसरं असं, की मटणवाल्या काकांशी तू उगाच वाद घालू नकोस. तू म्हणतेस माझ्या परदेशच्या तिकिटापायी बारा हजार घेतले आणि त्यांच्या वहीत अठरा निघाले. निघाले असतील. माणूस चुकतो. नाहीतर वही चुकते. तू त्या वहीचा नाद सोड. बारा हजारांचा या महिन्याचा हप्ता वेगळा पाठवलाय.

लोभ आहेच, राग तेवढा आवरता घ्यावा.
तुझा,
धाकटा

दि. ८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. आणि एक धपाटा.

सुपाचं फादरना विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला. त्यांनाही सूप आवडतं म्हणून वेळ लागला असावा. त्यांचा निर्णय असा, की चव लागली तर मटण, न लागली तर पाणी. आता तू तुझ्या जिभेला विचार आणि खरं काय ते देवाला सांग, मला नको.

वहीचा नाद सोड म्हणे! सहा हजार काय झाडाला लागतात? मी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, एका शर्टाला किती मिळतात ते तुला माहीत आहे. असे किती शर्ट होतात सहा हजारांचे, ते मी मोजायला बसले आणि मध्येच रडू आलं म्हणून सोडून दिलं. जे घेतलेच नाहीत ते मी फेडायचे?

आणि आता तर विचारायचीही सोय राहिली नाही. मटणवाले दुकानाच्या दारात उभे राहून उधारीवाल्यांना शिव्या द्यायचे, ते त्यांनी पापनिवेदनात सांगितलं. फादरनी प्रायश्चित्त दिलं, की ईस्टरपर्यंत पैशाबद्दल तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, सुटलो बाई. कसले सुटतो! आधी ते पाच मिनिटं ओरडून जायचे. आता रोज संध्याकाळी सहाला येतात, तुझ्या वडिलांच्या खुर्चीत बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात आणि तासभर काही बोलत नाहीत. वडील गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. मी विचारलं की ते वरचे सहा कुठून आले, तर ओठावर बोट ठेवून छताकडे बघतात. छताला काय विचारू?

उठून जावेत म्हणून मी रोझरीची माळ सुरू केली, तर ते गुडघे टेकून सामील झाले. आवाज चांगला आहे, ते मी नाकारत नाही. पण 'आमच्या बापा'त क्षमा करण्याची ओळ आली की मी थांबते. खोट्या माणसाला क्षमा केली असं मी देवासमोर कसं म्हणू? मी थांबले की तेही थांबतात. मग दोघं भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत बसतो. शेवटी तुझी ताई स्वयंपाकघरातून ती ओळ म्हणते, मग गाडी पुढे जाते. एका रोझरीत सहा वेळा. पोरगी हैराण झाली आहे.

मस्करी नाही रे. फादर म्हणाले, मनात अढी धरून पापनिवेदन होत नाही, आणि पापनिवेदन नाही तर वेदीपाशी कम्युनियनची भाकर नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ईस्टरला मी बाकावर बसून राहीन आणि अख्खं चर्च माझे गुडघे ओलांडून वेदीकडे जाईल. लोक म्हणतील हिने केलंय तरी काय.

तू पापनिवेदनाला जाशील तेव्हा कंपनीने दिलेला काळा सूट घालून जा. रुजू व्हायच्या आधीच सूट देणारी कंपनी, असं मी सगळीकडे सांगितलंय. कापड हातात घेतलं तेव्हाच म्हटलं होतं, भारी आहे.

आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.
आई

दि. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. आणि हे पत्र तुझ्यापुरतं. आईला वाचून दाखवू नकोस.

सुपाला चव लागली नव्हती. हे तिला सांग, बाकीचं नको.

आज पापनिवेदनाला जाऊन आलो. सूट घालून. दोन बसमध्ये मला बसायला जागा दिली लोकांनी, आणि चर्चमध्ये रांगेतल्या तीन म्हाताऱ्या बाजूला झाल्या. मी नको नको म्हणत पुढे. आत गेलो तर कळलं की तिथल्या फादरना आपली भाषा येत नाही आणि मला त्यांची येते ती फक्त लॉन्ड्रीपुरती. गरम पाणी, थंड पाणी, डाग गेला नाही, पुन्हा टाक. एवढ्यावर पापं कशी सांगणार? तरी 'डाग गेला नाही' एवढं मी त्यांच्या भाषेत छातीवर हात ठेवून बोललो. बाकी सगळं आपल्या भाषेत सांगितलं. फादर मान डोलवत होते. बारीकसारीक पापं होती तोवर बरं चाललं होतं. एक मोठं होतं, त्याच्याशी आलो आणि माझा आवाज फुटेना. फादरनी जाळीतून माझ्याकडे बघितलं, काय समजले कोण जाणे, आणि तीन बोटं दाखवली.

तीन काय? मी तीन बोटं परत दाखवून विचारलं. त्यांनी खूश होऊन मान हलवली. मग बाहेर येऊन त्यांनी मला छप्पर कुठे गळतं ते दाखवलं. सुटामुळे असावं.

मी काही धोका पत्करला नाही. तीन रोझऱ्या म्हटल्या. तीन दिवस सूप सोडणार आहे. चर्चभोवती गुडघ्यांवर तीन फेऱ्या घालायला घेतल्या, तर तिसऱ्या फेरीला राखणदाराने धरलं. त्याला वाटलं मी गटाराची झाकणं मोजतोय. पॅन्टच्या गुडघ्यांना डाग पडले ते मी येऊन धुतले. माझं कामच ते. पण ताई, मनातलं जात नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा तसंच बाहेर आलं.

आपल्या फादरना विचार, तीन बोटं म्हणजे साधारण काय असतं. मटणवाले काका अजून बसतात का? ते काही बोलले का? मला काय, सहज विचारतो.

लोभ असू दे, चौकशा नकोत.
धाकटा

दि. २१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. देते, मोठी आहे म्हणून. लायकी बघून नाही.

आईला वाचून दाखवू नकोस असं लिहिलंस. मी नाहीच दाखवलं. पत्र आलं तेव्हा मी नळावर होते. आईने फोडलं, तिचा चष्मा मोडलाय, म्हणून तिने ते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात दिलं. पत्रात पैशाचा विषय नसेल तर वाचायला हरकत नाही असं काकांनी मानेने कळवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज खरंच चांगला आहे. मी बादली घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तुझ्या गुडघ्यांवरच्या फेऱ्या चालल्या होत्या आणि आई रडू की हसू अशी बसली होती.

मोठ्या पापाशी काका आले तेव्हा थांबले होते म्हणे. चष्मा पुसला, शाई पुसट झालीय म्हणाले आणि थेट छपरावर उडी मारली. शाई चांगली होती, मी नंतर बघितलं. जाताना मला दारात म्हणाले, त्याला लिही, कोटाला कसर लागू देऊ नकोस. बस, एवढंच. एवढ्या दिवसांत रोझरी आणि तुझं पत्र सोडून मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

फादर म्हणतात, आधी पाप सांग, मग तीनचा अर्थ सांगतो. आई म्हणते तीन हजार 'नमो मारिया' असणार, तुझ्या तोंडावरच दिसलं असेल त्यांना.

इथे आता नवीनच सुरू झालंय. ईस्टरला बाकावरून का उठली नाही असं कोणी विचारू नये म्हणून आईने आत्तापासून लंगडायला घेतलंय. गुडघा दुखतो असं सांगते. सोमवारी उजवा दुखत होता, गुरुवारी डावा. शेजारच्या नर्सबाई तेल घेऊन आल्या, त्यांनी कुठला विचारलं तर आई म्हणाली, तुम्हाला कुठला वाटतो? मी तिला म्हटलं, हे लंगडणंही आता पापात धरावं लागेल. तर म्हणाली, पापनिवेदनाला जातेय कोण? आणि मग मशीनवर बसली, पण पाय चालवला नाही. नुसती बसून राहिली. मी तिला तशी कधी बघितली नव्हती.

काकांचंही बघवत नाही रे. उपवासकाळात मटण घेतं कोण? दुकान रिकामं, एका चपलेचा पट्टा सुतळीने बांधलाय. तरी शब्द काढत नाहीत. परवा ओळ अडली तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात गप्प राहिले. दोघं किती वेळ थांबली माहीत आहे? माझा भात करपला.

तुला एक सांगते. तो सूट मीच घडी घालून तुझ्या पेटीत ठेवला होता. कॉलरच्या आत आपल्या चौकातल्या शिंप्याची पट्टी होती. परदेशी कंपनी आपल्या चौकात येऊन सूट शिवून घेते, याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं. मी आईला काही बोललेले नाही, तुलाही विचारत नाही. फादर पापनिवेदनाला बसणार आहेत ते ईस्टरच्या आदल्या दिवशीपर्यंत, म्हणजे चार तारखेपर्यंत. टपालाला सहा दिवस लागतात. मोजता येतं ना?

माया आहे, म्हणूनच लिहिलं.
ताई

दि. २७ मार्च

ती. आईस,
सा. न. आज पायावर डोकं ठेवून. ताई हे वाचेल. काका खुर्चीत असतील तर त्यांनीही ऐकावं, पण काका, तुम्ही तोंड उघडायचं नाही, यात पैसे आहेत.

आई, वही बरोबर आहे. ते सहा हजार मी घेतले.

एजंट म्हणाला हॉटेलात काम. मला वाटलं दिव्यांखाली काउंटरवर उभं राहायचं, किल्ल्या द्यायच्या, हसायचं. तूही तसंच सगळ्यांना सांगितलंस. मग फाटक्या कॉलरने कसा जाऊ? निघायच्या आठवडाभर आधी काकांकडे गेलो. ते नाही म्हणाले. मी दुकानात लाकडी ठोकळ्याला धरून बसलो, गिऱ्हाइकं मागे उभी. शेवटी त्यांनी गल्ल्यातून मोजून दिले. मी त्यांच्याकडून वचन घेतलं की मी फेडीपर्यंत आईला कळता कामा नये. त्यांनी वचन दिलं आणि लगेच वहीत लिहिलं, कारण न लिहिणारा माणूस नाही तो. तुला सांगितलं सूट कंपनीने दिला. कंपनीने दिले ते रबरी बूट आणि एक ॲप्रन. पाच महिने तो सूट वाफेत खिळ्याला लटकलाय. त्यात मी एकदाच गेलो, पापं सांगायला, आणि अंगावर घातलेलं पाप काही सांगता आलं नाही.

तू त्यांना खोटं म्हणालीस तेव्हाच मला लिहायला हवं होतं. मी लिहिलं, वही चुकते. त्या माणसाने माझ्यापायी आणि फादरांपायी दोन बाजूंनी तोंड शिवून घेतलं आणि तुझ्यासमोर रोज येऊन बसला. का बसले असतील, मला वाटतं तू विचारून विचारून थकशील आणि मला विचारशील म्हणून. तू मला विचारलंच नाहीस. तुला माझ्यावर शंकाच आली नाही. हे मला सगळ्यात लागलं.

सूट विकला. आचाऱ्याने घेतला, मुलाच्या लग्नात घालायला. त्याला बटणं लागत नाहीत, पण फार खूश आहे. आज तो घालूनच पातेलं ढवळत होता, फक्त कोंबडीला आंघोळ घालायच्या वेळी बाह्या वर केल्या. बाकीचे मुकादमाकडून उचल म्हणून घेतले. त्याबदल्यात पुढचे चार महिने माझ्या रविवारच्या सुट्ट्या बंद. ईस्टरलाही कामावर आहे, हॉटेल भरलंय म्हणतात. तू रांगेत पुढे सरकशील तेव्हा मी चादरी पिळत असेन.

म्हणून तू बाकावर बसायचं नाहीस. क्षमा करायची असेल तर मला कर, सवडीने. काकांकडे तुला मागायची आहे. ती ओळ आधी कोण म्हणणार यावर अडून बसू नका, दोघं एकदम म्हणा, ताईचा भात करपतो. लंगडणं सोड. पापनिवेदनात लंगडण्याचं सांगशील तेव्हा कुठला पाय ते फादर विचारणार नाहीत.

आणि काका, चप्पल शिवून घ्या.

लोभ ठेवा, मी तो फेडत राहीन.
तुझा,
धाकटा

ता. क. त्या तीन बोटांचा अर्थ अजून लागलेला नाही. हिशेब राहायला नको म्हणून मनीऑर्डरमध्ये तेवढे वर घातलेत. खिडकीतल्या बाईने विचारलं, हे तीन कशाचे? मी तिला तीन बोटं दाखवली. तिने मान डोलावली आणि शिक्का मारला. पाठवले ते असे: अक्षरी सहा हजार तीन फक्त.