ड्रमाचा काठ

रविवार, संध्याकाळ

आज मस्करी अंगलट आली. चंद्रपूरले कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत आहे, म्हणून ताईनं शेरूसाठी घरीच सामान बनवलं. उड्या माराले बांबू बांधले. आरपार पळाले विकतचा बोगदा लई महाग, म्हणून निळ्या ड्रमाचं तोंड अन् बूड कापलं. शेरू त्यातून मस्त पळे.

सकाळी मले काय सुचलं! वाघ मागून येऊ नये म्हणून बाबा मोहा वेचाले जाताना डोक्यामागं माणसाचा मुखवटा लावते. तोच लावून मी ड्रमापुढं पाठमोरा बसलो. शेरू बाहेर आला, तोंड पाह्यलं, अन् मी वळलो तं दुसरं तोंड! केकाटत पळाला. मी हासून हासून लोळलो. आता ड्रमाजवळ येतच नाई.

ताईनं मुखवटा पाह्यलाच नाई. म्हने, "माह्याच्यानंच चुकलं रे. काठ टोचला असन त्याले." तवापासून कानशीनं काठ घासून राह्यली. बोटं सोलले तिचे. खरं सांगू का तिले? शेरूची शर्यत गेली तं बोलनच नाई माह्याशी.

"हात फिरव बरं. टोचते का अजून?"

फिरवला. काठ कवाचाच गुळगुळीत झाला होता.

"थोडं टोचते," म्हनलं, अन् तिच्या हातातली कानस घेऊन मीच घासत बसलो.