कणगीतलं बी

घाटनांदूर
भाद्रपद वद्य पंचमी, फसली १३३४

प्रिय मुक्ते,

आजवर तुला येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी निरोप धाडले, पत्र कधी धाडलं नाही. हे मी सांगतेय आणि आमचे हे लिहून घेतायत. मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नाही, म्हणजे आपलं गुपित काही राहायचं नाही. हे माझी बोली सरळ करकरून लिहितात. करू देत बापडे. आज त्यांना जे लिहावं लागणार आहे, ते त्यांनी कधी ऐकलेलं नाही.

इकडं सगळी खुशाल आहेत. कपिला व्यालीय, गोऱ्हा झाला. धाकटीचा खोकला गेला. मूग बरा आलाय. आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्याच्या बाजारात आपल्या माहेरचा सटवा भेटला. हसत हसत सांगत होता, यंदा पालीत मुक्ताला पेरणीला चाड्यावर मूठ धरू देणार न्हाईत म्हणं, जळक्या मुठीच्या बाईनं शिकवलेली हाय ना ती. तुझं सासर पाली आपल्या माहेरापासून दोन कोसांवर, आत्याची ही जुनी गोष्ट तिथवर पोचायला बारा वर्षं लागली, आणि पोचली तीही आत्या वारल्यावर. मी त्याला तिथंच चार शब्द सुनावायला हवे होते. नाही सुनावले. वांगी घेतली अन् मुकाट घरी आले.

मुक्ते, तू तेव्हा सात वर्षांची, तुला चंद्रभागाआत्या म्हणजे पालीतली म्हातारी एवढीच आठवत असेल. मी तिला भरात पाहिलीय. नवऱ्यानं हात उचलला त्या दिवशी अंगावरच्या लुगड्यानिशी चालत माहेरी आली, आणि बाबांना म्हणाली, मला परत धाडायचं नाव काढायचं न्हाई, मी तुजं खाणार बी न्हाई. खाल्लं नाही कधी. रानाच्या कडेला खोपटं घातलं, दोन शेळ्या पाळल्या, बाजाराला एकटी जायची, तंबाखूची चंची कमरेला. तहसिलीचा जवान वेठीला बैल न्यायला आला तेव्हा सगळे बाप्ये दाराआड, आणि ही बया जुवावर बसून राहिली. म्हणाली, आधी मला ओढून न्या. गेला की तो शिव्या देत!

आणि तिची मूठ! तिफणीमागं ओटीत बी घेऊन चालायची, आणि बोटांतून नळ्यांवरच्या चाड्यात दाणा असा पडायचा, जसा कुणी आत बसून मोजून देतंय. उगवण अशी की ओळीत कुठं खाडा नाही. शिवारातली पहिली मूठ तिची, ती आपल्या रानात, मग गावची. नवरा सोडलेली म्हणून एरवी हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, पण पेरणीला सारं गाव तिच्या खोपटाशी. मला ती फार आवडायची. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून तुला खरं वाटायचं नाही.

त्या साली तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न ठरलेलं. बी राखायचं काम माझ्याकडं. उन्हाळ्यात हैदराबादचे लाखेचे चुडे घेऊन कासारीण आली. लाल, वर आरशाचे तुकडे. माझा जीव गेला त्यावर. आई घरात नव्हती. मी कणगीतली बियाण्याची ज्वारी पदरात भरभरून तिला दिली. तुला दोन काकणं घातली होती मी, आठवतंय? तू दिवसभर हात हलवत फिरत होतीस. तीच ती.

पोळ्याआधी बाबांनी खायला जमिनीतलं पेव उघडलं. त्यातली ज्वारी काढून मी कणगी भरली. वास जावा म्हणून आधी उन्हात घातली, वर राख चोळली. मला ठाऊक नव्हतं असं सांगायला जीभ वळवळतेय, पण ठाऊक होतं. पेवातलं धान्य खायला चालतं, जमिनीच्या पोटातल्या उबेनं ते उगवायचं मरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वाटलं, थोडं तरी उगवेल. वाटलं, कोण बघतंय.

पेरणीच्या सकाळी आत्यानं ओटीतला दाणा नाकाशी नेला. म्हणाली, केसर, पेवाचा वास येतोय गं, कणगीतलंच हाय न्हवं हे? मी म्हणाले, कणगीतलंच हाय आत्या, देवाशपथ. ती माझ्याकडं बघून म्हणाली, तू म्हंतीस तर हाय. आणि चाड्यावर मूठ धरली.

पेरणी झाली अन् पाऊस लागला. आठ दिवस रान ओलं, बाकीच्यांच्या तिफणी दारात. वाफसा आला तेव्हा आपल्या रानात एक कोंब नाही. बस्स, गावाला तेवढंच पाहिजे होतं. नवरा सोडलेल्या बाईची मूठ, ती जळकीच असायची! बाबा तिला म्हणाले, रानात पाय टाकू नकोस. ती दारात उभी होती, मी चुलीशी. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी चुडा पदराखाली घेतला. तिनं शेळ्या सोडल्या आणि पालीच्या वाटेनं गेली.

त्यानंतर तिनं दाण्याला हात लावला नाही, दळणं दळली, खुरपणी केली. तू पालीत नांदायला गेलीस तेव्हा तुला अंगणात वाळू घेऊन मूठ शिकवली, ते तूच मला सांगितलंस. बी नाही, वाळू. ते ऐकून मी हसले होते. थू माझ्या जिनगानीवर.

कपिलधारच्या यात्रेत ती एकदा भेटली. मी पाया पडले, आता सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर तिनंच विचारलं, लेकरं किती? नवरा मारत न्हाई न्हवं? मी म्हणाले, न्हाई. मग झालं, म्हणाली. तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, मुक्ते. बियाणं विकणारी पोर कुणी सून केली नसती, म्हणून ती बोलली नाही. आणि वैशाखात ती गेली तेव्हा लेकराला ताप आहे असा खोटा निरोप मीच धाडला. तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

इथं यांची लेखणी थांबली. मला वाटलं आता उठतील, काहीतरी बोलतील. म्हणाले, पुढं सांग.

तर पुढं हे. पत्र आमच्या गड्याच्या, म्हाळूच्या हाती येतंय. ते घरात वाचून घेऊ नकोस. पेरणीआधी चावडीवर सगळ्यांना जमव आणि गुरुजींकडून मोठ्यानं वाचून घे, माझं नाव न गाळता. चुड्याचं, शपथेचं, सगळं. दोन दिवसांत मी येतेय, हे गाडी जुंपणार आहेत. सटवा भेटला त्याच दिवशी मी दोन गाडग्यांत माती भरून एकात कणगीतली ज्वारी पेरली, दुसऱ्यात पेवातली. एक हिरवं झालंय, दुसऱ्यात नुसती माती. दोन्ही गाडगी मांडीवर घेऊन येईन आणि पालीच्या चावडीवर ठेवीन. दोन्हींत मूठ एकच होती, माझी. मग जळकं काय होतं ते त्यांनी बघावं, आणि चाड्यावर तू मूठ धरावीस.

तोंड दाखवायला लाजणारी, तरी तुझीच,
केसर