वाळू, अल्ट्रासाऊंड आणि महादेवरावांचा मोती

२२ सप्टेंबर, घटस्थापना
गाइड सरांचा निर्वाणीचा फोन. दसऱ्याला सोनं द्यायला घरी येतील तेव्हा प्रयोग दाखवायचा, नाहीतर माझं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. रद्द कशाला होतंय? नळीत पाणी, पाण्यात वाळू, बाजूला अल्ट्रासाऊंडचं मशीन. लहरींनी जाडे कण एकीकडे, बारीक दुसरीकडे. उद्यापासून पहाटे पाचला सुरुवात.

२३ सप्टेंबर, सकाळी नऊ
पाचला उठलो नाही. गरब्याचे स्पीकर. मशीन लावलं, नळीत नुसतं गढूळ पाणी. शेजारच्या महादेवरावांच्या मोती कुत्र्याने रडून अख्खं सिंदी मेघे गाव डोक्यावर घेतलं. बायको प्रमोदिनी म्हणे, मले तर काहीच आवाज नाई येत. तिला समजावलं, माणसाला ऐकू येत नाही, म्हणूनच अल्ट्रा.

२७ सप्टेंबर
गढूळ. दोष वाळूचा. पॉवर वाढवली. महादेवराव कंपाउंडवरून ओरडले, काऊन तरास देऊन राह्यले कुत्र्याले? या गावात संशोधन करणंच चूक.

३० सप्टेंबर
गढूळ. दोष व्होल्टेजचा. प्रमोदिनी म्हणे, सरायले मुदत मागा. मी कुणापुढे हात पसरत नाही.
फोन केला. उचलला नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
जमलं! सकाळी मशीन चालू ठेवून बाजारात गेलो. आल्यावर बघतो तर जाडी वाळू तळाशी, बारीक वर, मध्ये स्पष्ट रेघ! प्रमोदिनीने मशीनला हळदकुंकू लावून झेंडूची भली मोठी माळ घातली आहे. असू दे, तिची श्रद्धा. मोतीही गप्प. वठणीवर आला शेवटी. सरांना फोटो पाठवला. नावाआधी डॉक्टर लिहून पाहिलं. शोभतं.

२ ऑक्टोबर, दसरा
सर आले. नळी पाहून पाठ थोपटली. मग विचारलं, मशीन चालू आहे ना? म्हटलं, सर, ऐकू येत नाही हीच तर गंमत. तेवढ्यात प्रमोदिनी चहा घेऊन आली. म्हणाली, चालू कसं राहीन? पूजेच्या दिवशी अवजार चालवत नाई, कालच पिन काढून ठेवली मी.
माळेखाली पिन लोंबत होती. सरांनी स्वतः लावली. मोती रडायला लागला. रेघ हलली, पुसली, गढूळ. म्हणजे वाळू आपली आपण वेगळी होत होती आणि मी मशीन लावून ती रोज ढवळत होतो.

३ ऑक्टोबर
सरांना फोन. विचारलं, विषय बदलून ‘अल्ट्रासाऊंडने कण मिसळणे’ चालेल का? म्हणाले, त्यासाठी घरोघरी चमचा असतो. रजिस्ट्रेशन रद्द. फार वाईट वाटलं, जेवलो नाही.
महादेवराव सोनं घेऊन आले होते. मशीन कधी विकता, विचारत होते. झेंडू अजून ताजा आहे.