डाकूचं सामान

२ एप्रिल २००३
काल प्रशिकचा पुण्याहून फोन. जय भीम झाला आणि लगेच तोच विषय. आई गेल्यापासून तुम्ही एकटे, घर भाड्यानं देऊ, पुण्याला चला. बँकेची गोष्ट पुन्हा काढली. मी हरवलो नव्हतो. बँक जागेवरून हलली होती. राजधानी झाल्यापासून रायपुरात एकही ऑफिस जागेवर राहत नाही, त्यात माझा काय दोष? जन्म गेला इथं रेल्वेच्या वॅगनी दुरुस्त करण्यात. पुरानी बस्तीत डोळे मिटून चालतो.
एकटे कसे राहाल म्हणाला. तोंडातून निघून गेलं, एकटा कुठं, कुत्रा पाळला आहे. तो म्हणाला, महिनाअखेर येतो, बघतो आणि काय ते ठरवतो.
आता कुत्रा पाहिजे.

३ एप्रिल
मिळाला. समोरच्या सरिताच्या स्कूटरखाली पडलेला असतो. तांबडा, एक कान उभा. बिस्कीट दाखवलं, ओट्यावर आला. म्हणजे पाळला. नाव डाकू. चोरांना नावानंच धाक बसावा. सरिता म्हणाली, काकाजी, ये तो बाबू है. असेल. तिच्या घरी बाबू, माझ्या घरी डाकू.

५ एप्रिल
जनावर ठेवायचं तर आधी सामान. गोलबाजारात साखळी पाहिली. दुकानदारानं बारीकशी दाखवली. हसलो. ओढ बसणाऱ्या वस्तूत मजबुती दुप्पट धरावी, हे रेल्वेत शिकलो. बैलाची घेतली.
संध्याकाळी घातली. डाकूची मान जमिनीला टेकली, उठेना. सरिता गॅलरीतून म्हणाली, "काकाजी, कुत्ता है, इंजन नहीं."
साखळी तूर्त गेटला लावली. गेट मजबूत झालं.

८ एप्रिल
झोप नाही. हा प्रशिकलाच चावला तर? सगळंच संपलं. मुसकं आणलं. वासराचंच मिळालं. डाकूचं अख्खं डोकं आत गेलं आणि तो तसाच गल्लीभर पळाला. सरितानं सोडवला. मुसक्यात कांदे टांगले आहेत. छान हवा लागते.

११ एप्रिल
शंकर नगरला गेलो. राजधानी झाल्यावर भोपाळहून साहेब लोक कुत्रे घेऊन आले, त्यांच्यासाठी तिथं दुकान निघालं आहे. आत एसी. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, अंकल, कौन सी ब्रीड? सांगितलं, रायपूर. गळ्याचं माप मागितलं. माझाच गळा धरून दाखवला, साधारण एवढा. हसली, पण मन लावून सांगितलं. पट्टा आतून मऊ हवा, घातल्यावर दोन बोटं जागा राहिली पाहिजे. आणि बिल्ला, त्यावर फोन नंबर. डॉगी कुठंही निघून गेला तरी फोन येतो. म्हटलं, आमचा हरवणाऱ्यातला नाही. तरी पितळी करून घेतला. एका बाजूला डाकू, दुसऱ्या बाजूला घरचा फोन.
येताना चुकीच्या चौकात उतरलो. चौक नवा होता.

१६ एप्रिल
पट्टा बरोबर बसला. दोन बोटं जातात. शिकवणी सुरू. मी 'बस' म्हणतो, तो तोंडाकडं बघतो. सरिता 'बैठ' म्हणते, बसतो. आजकालच्या पोट्ट्यांसारखंच. मराठी कळते, वळत नाही.
स्टीलची वाटी फेल. जीभ लागली की अंगणभर सरकते. शेवटी मातीचं जड कुंडं ठेवलं. पाणी गार राहतं, हलत नाही. हे आधीच सुचलं होतं.

२१ एप्रिल
ऊन फार. ओलं पोतं अंथरलं. डाकूला समजेना काय करायचं. म्हणून स्वतः पडून दाखवलं. गार लागलं. थोड्या वेळानं तो येऊन पाठीला पाठ लावून झोपला. मी उठलो नाही. शिकवणीचा भाग.

२६ एप्रिल
उद्या प्रशिक. डाकूला साबणानं धुतला. बिल्ला काढून चिंचेनं घासला, खिशात ठेवला, सकाळी लावतो. सगळी तयारी आहे.

२७ एप्रिल
प्रशिक आला. डाकू नाही. सांगितलं, राउंडला गेला आहे. प्रशिकनं गेटची साखळी पाहिली, कांदे पाहिले. मग बॅगेतून बुधवारची तिकिटं काढली. दोन. म्हटलं, थांब, दहा मिनिटांत आणतो. निघालो.
बाकी उद्या.

२८ एप्रिल
झालं ते असं. बूढा तालाबजवळ उभा कान दिसला. मागं गेलो. बरंच गेल्यावर तो दुसराच निघाला. तिथं रस्ता रुंद केला आहे, झाडं काढली आहेत, मग माणसानं काय धरून वळायचं? ऊन डोक्यात गेलं. पानठेल्यावर बसलो. ठेलेवाल्यानं घर विचारलं. घर माहीत होतं, नाव तोंडाशी येत नव्हतं. घाम पुसायला रुमाल काढला, त्याबरोबर बिल्ला पडला. त्यानं वाचला आणि फोन लावला.
सरिताच्या स्कूटरवर प्रशिक आला. ठेलेवाला त्याला म्हणाला, "भैया, नाम डाकू है, मगर आदमी सीधे हैं."
घरी डाकू पोत्यावर पडलेला. मी गेलो आणि तो आला, असं सरिता म्हणाली. मला बघून उठला, हात चाटला. प्रशिकनं मला पाणी दिलं. मग म्हणाला,
"कुत्रा आपल्या पायानं घरी आला, बाबा. तुम्हाले आणावं लागलं."
यावर मुद्देसूद उत्तर आहे. आठवलं की लिहितो.

३० एप्रिल
प्रशिक गेला. एकटा. काल दुपारभर तो ओल्या पोत्याकडं बघत बसला होता. तिथं मी आणि डाकू पडलो होतो. सरिताशी हळू आवाजात बोलला. ती सकाळ-संध्याकाळ डोकावणार. दिवाळीपर्यंत बघू म्हणाला. अट एकच, बिल्ला माझ्या गळ्यात. डाकू हे नाव खोडून माझं टाकून आणलं, फोन सरिताचा.
मी त्याच्या समाधानासाठी घातला आहे. पण त्यानं पायजम्याची नाडी ओवली, ती मानेला काचते. डाकूचा पट्टा आतून मऊ आहे. सोमवारी शंकर नगरला जाऊन तसाच घेतो. या वेळी माप नीट नेईन, दोन बोटं सोडून.
रस्ता पाठ आहे. डाकूला बरोबर नेतो. त्यालाही बाहेर पडायला पाहिजे.