मीटर बरोबर आहे

३ फेब्रुवारी

मामा चालवतात त्या ट्रकचं काम एकदाचं उरकलं. मागच्या एक्सलमध्ये नवीन क्राउन-पिनियन, म्हणजे गियरची जोडी, बसवली – आता चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन कमी फिरणार, डिझेल वाचणार. गाडी सपाट रस्त्यावर पुठ्ठ्याची खोकी वाहते, तिला एवढा जोर हवाय कशाला? हे मालकांच्या गळी उतरवायला दोन महिने लागले. शेवटी मामाच त्यांना म्हणाले, "भाच्याच्या हातात गाडी द्या, जबाबदारी माझी."

डिझेल वाचलं तर मालकांच्या बाकीच्या सातही गाड्या माझ्या गॅरेजला. मामांना माल भरायला जायचं होतं, म्हणून घाईघाईत दुपारीच किल्ली दिली. जेवायचंही राहिलं.

१९ फेब्रुवारी

मालकांचा फोन. लिटरमागे साडेचार किलोमीटर पडायचे, ते चारवर आले. वाढायचं सोडून घटलं! "नवीन गियर आहे, रुळायला वेळ लागतो," असं काहीतरी ठोकून दिलं. मलाच पटलं नाही.

२ मार्च

मालकांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. अजून चारच. "डिझेल नेमकं मुरतंय कुठे?" हे मामांकडे बघून. मग माझ्याकडे वळले – "किलोमीटरचा मीटर तपासलास?"

"मीटर बरोबर आहे," मी म्हणालो.

तपासला नव्हता. पण तसं सांगितलं असतं तर माझ्या कामावर बोट ठेवलं गेलं असतं.

मामांचा हात शर्टाच्या खिशावर होता. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. मग त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. एकोणीस वर्षांची नोकरी! जिना उतरताना मला विचारलं, "जेवलास का?"

३ मार्च

मामांनी खरंच डिझेल विकलं असेल का? आई गेल्यावर ज्यांनी मला घरात घेतलं, त्यांच्याबद्दल हे मनात आलं. लिहिताना लाज वाटते. तरी लिहून ठेवतो.

२१ मार्च

नव्या ड्रायव्हरचंही चारच. मालक म्हणाले, "हाही तसलाच निघाला." दोघेही चोर कसे असतील?

गॅरेजात येऊन ड्रॉवर उपसला. वॉशरच्या डब्याखाली पुडी सापडली. आत बोटाच्या पेराएवढा गियर – मीटरचा. मीटर गियरबॉक्सवरून चालतो. मागचं क्राउन-पिनियन बदललं की हा बदलावाच लागतो, नाहीतर शंभर किलोमीटर धावलेली गाडी ब्याऐंशीच दाखवते. मीच मागवला होता. त्या दिवशी घाईत "पुढच्या वेळी बसवू" म्हणून बाजूला ठेवला आणि साफ विसरलो.

म्हणजे गाडी लिटरला जवळजवळ पाच देतेय. काम झकास झालंय. आणि मामा चोर ठरलेत.

२२ मार्च

मालकांकडे गेलो नाही.

२५ मार्च

आजही नाही. फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

बायको म्हणाली, "मामी विचारत होत्या, तुमच्या गॅरेजात मामांना काही काम मिळेल का. हवा भरायचंही चालेल म्हणाल्या." तिला म्हटलं, बघतो. बघतो म्हणे! कोण मी बघणारा?

२८ मार्च

सांगितलं. उभ्या उभ्याच. पुडी मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी गियर उचलून पाहिला.

"मी तुला विचारलं होतं," एवढंच म्हणाले. मग, "त्यांना सोमवारपासून पाठव. माफी मी मागेन. तू मात्र इथे पुन्हा यायचं नाहीस."

सात गाड्या गेल्या. हलकं वाटलं, आणि हलकं वाटतंय याचीही लाज वाटली. तिथून मामांकडे गेलो. ते बाहेर गेले होते. मामींसमोर सगळं ओकलो.

२९ मार्च

मामी गॅरेजवर आल्या. मामांच्या शर्टाच्या खिशातली छोटी वही माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस." वहीत मामांच्या अक्षरात दोन रकाने – एकात मीटर, दुसऱ्यात रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड. ब्याऐंशी, शंभर. ब्याऐंशी, शंभर. पहिली नोंद दहा फेब्रुवारीची.

"मीटर बरोबर आहे" असं मी ऑफिसात म्हणालो, तेव्हा त्यांचा हात याच वहीवर होता.